साडेतीन इंच

बोटीच्या रांगेत मीटरकाका पुढे उभे होते आणि त्यांची बायको मागे. समोर समुद्र होता, माना उंचावून उभ्या असलेल्या क्रेन होत्या, धक्क्याला लागलेली मोठाली जहाजं होती, पण ती बघत होती नवऱ्याच्या पॅंटकडे. कंबरेवर कशी बेतून बसली होती. ना चुणी, ना झोळ. अशी पॅंट घालून कुणी तिच्या दारावरून गेला असता तर तिनंच हाक मारून विचारलं असतं, कुणाच्या हातची हो?

तिच्याच हातची होती. आतल्या बाजूला तिनं साडेतीन इंच कापड दुमडून शिवून टाकलं होतं. एका दिवसात नाही. सात महिन्यांत, चार खेपांना. ही गोष्ट तिच्याशिवाय कुणालाही ठाऊक नव्हती. ज्याची कंबर होती त्यालाही नाही.

दुपारचे बारा वाजले होते. इस्पितळातली खाट सहापर्यंत राखून ठेवली होती. तोवर तिला तोंड उघडायचं होतं.

"अगं, सरक पुढे," काका म्हणाले. "बोट जाईल सुटून आणि तू राहशील इथेच, दोर बांधायच्या खुंटासारखी."

*

फोनवर, बोट सुटण्याआधी

"हं, बोल बाळा. हो, दाखवलं ना डॉक्टरांना. माणूस मोठा आहे, पण बोलतो असा, की जणू आपणच त्याचं काही चोरलंय... ऑपरेशन? नाही म्हणाले. गरज नसेल म्हणून नाही म्हणाले!... अगं, ऐक तर खरं. मला काट्यावर उभं केलं. काटा दाखवतो त्रेपन्न. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, एकतीस वर्षं मी गावाचे पाण्याचे मीटर वाचलेत, बिघडलेला काटा मला लांबून कळतो. मी सदुसष्ट किलोचा माणूस. चौदा किलो काय बसमध्ये विसरून आलो?... तेच तर म्हणतोय मी! ज्यांचा काटा असा, त्यांचा रिपोर्ट तरी माझाच कशावरून? अदलाबदल होते गं, माणसंच आहेत. आम्ही काही भरतीबिरती होत नाही. आलोच आहोत तर बंदर बघतो आणि परततो. पुढच्या महिन्यात दुसरीकडे दाखवू... तुझी आई? ही काय शेजारी. सकाळपासून मिठाची गुळणी धरून बसलीय. घे, बोल."

तिनं फोन घेतला. लेक रडवेल्या आवाजात म्हणत होती, आई, खरं काय ते तू सांग.

"बोट सुटतेय गं. संध्याकाळी करते फोन."

आणि बोट खरोखरच सुटत होती. तेवढं एक बरं झालं.

*

डॉक्टरांची खोली, जशी झाली

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. गाठ स्वादुपिंडात आहे, तिथून यकृतात गेली आहे, कापून काढण्यासारखी राहिलेली नाही. उद्यापासून औषध सुरू केलं तर दुखणं आटोक्यात राहील आणि काही महिने मिळतील. किती, ते आज कुणी सांगू शकणार नाही. आज सहाच्या आत भरती व्हा, खाट धरून ठेवतो. ही गेली तर पुढच्या महिन्यापर्यंत जागा नाही, आणि महिनाभर थांबणं परवडण्यासारखं नाही.

मग त्यांनी विचारलं, "वजन कधीपासून उतरतंय?"

"उतरलेलंच नाही," काका म्हणाले. उठून उभे राहिले, शर्ट वर केला आणि पॅंटच्या कंबरेत दोन बोटं घालून दाखवायला गेले. बोटं जाईनात. "हे बघा. लग्नात चौतीस, आज चौतीस. पट्टा लावलेला नाही मी जन्मात."

डॉक्टर क्षणभर त्या पॅंटकडे बघत राहिले. मग तिच्याकडे वळले. "तुमच्या काही लक्षात आलं होतं?"

तिनं मान हलवली. नाही.

*

डॉक्टरांची खोली, जशी झाली नाही

"तुमच्या काही लक्षात आलं होतं?"

"हो डॉक्टर. यांच्या सगळ्या पॅंटना थंडी संपताना अर्धा इंच. उन्हाळा लागला तेव्हा एक. लेक येऊन गेली त्यानंतर आणखी एक. आणि आत्ता, इकडे यायच्या आदल्या आठवड्यात, एक. शर्टाच्या बाजू वेगळ्या. आणि घड्याळाच्या साखळीच्या दोन कड्या मी घड्याळवाल्याकडून काढून आणल्या, हे आंघोळीला गेले होते तेव्हा."

एवढंच बोलायचं होतं. श्वास न घेता बोलून होईल एवढंच.

*

पहिल्या अर्ध्या इंचात पाप नव्हतं, हे तिनं बोटीत बसल्या बसल्या पुन्हा एकदा स्वतःला समजावलं.

घराच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन. नवं काही ती शिवत नसे. आणलेलं बसतं करून द्यायचं, हे तिचं काम. लांब ते आखूड, सैल ते घट्ट. गावात कुणी सुटलं, कुणी वाळलं, ते वैद्याच्या आधी तिला कळायचं. जादा कापड ती कधी कापत नसे. माणूस पुन्हा भरतो, मग कापड कुठून आणायचं? आत दुमडून ठेवायचं, बाहेर कळू द्यायचं नाही. त्या दिवशी काका भाजीची पिशवी घेऊन फाटकातून आत येताना त्यांनी डाव्या हातानं पॅंट वर ओढली, आणि रात्री इस्त्रीच्या कपड्यांतून ती पॅंट तिनं बाजूला काढली. डास मारावा तसं. हाताला सवय.

दुसऱ्या खेपेला मात्र हात थांबला होता.

कारण लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातच त्यांनी तिला सांगून ठेवलं होतं. त्यांचे वडील गेले ते असेच. आधी पॅंट सैल झाली, मग सुतळीनं बांधायला लागले, मग सुतळीच्या गाठी वाढत गेल्या आणि वर्षाच्या आत माणूस नाही. "माझी पॅंट ज्या दिवशी घसरेल ना," ते हसत म्हणाले होते, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नव्हतं, "त्या दिवशी समज, निरोप आला." पुढे कित्येक वर्षं सकाळी कपडे चढवताना ते कंबरेत बोट घालून बघत. देवाला नमस्कार करावा तसं न चुकता. तिला वाटायचं, वेडेपणा आहे, पण कुणाचं काय जातंय?

तर दुसऱ्या खेपेला तिला वाटलं, अशक्तपणा असेल, दाढा काढल्यात त्यामुळे जेवण कमी झालंय, भरून येईल महिन्याभरात. उगाच सकाळी बोट घालायचे आणि हाय खाऊन बसायचे. हाय खाल्लेला माणूस तर औषधानंही उठत नाही. तिनं टीप मारली. सकाळी काकांनी बोट घालून पाहिलं. गेलं नाही. शीळ घालत बाहेर पडले.

तिसऱ्या खेपेला तिला काहीच वाटलं नाही, कारण तिनं वाटूच दिलं नाही.

चौथ्या खेपेला ती मशीनवर डोकं टेकून रडली आणि मग टीप मारली.

*

बंदर बोटीतून फार सुंदर दिसत होतं. नाइलाज होता, सुंदरच होतं ते. पिवळ्या दगडाची जकात कचेरी, घड्याळाचा मनोरा, टेकडीवर एकावर एक चढलेली घरं, पत्र्यांवरचं ऊन. बोटवाला कर्ण्यातून माहिती सांगत होता आणि काका त्याच्या वरताण आपली माहिती सांगत होते.

"तो महाल बघितलास? गव्हर्नर राहायचा म्हणे. आता सांग, मीटर कुठे असेल?"

"मला काय ठाऊक?"

"मागच्या दाराला, कुत्र्याच्या खोपटाशेजारी. जेवढं घर मोठं, तेवढा मीटर अडचणीत. गरिबाच्या घरी दारातच असतो, पायाला लागतो." पुढच्या बाकावरचं नवं जोडपं वळून हसलं. काकांना जोर चढला. "हसू नका. आमच्या हिला विचारा. लग्नानंतर फिरायला नेलं होतं तर मी तिथेही मीटरच शोधत होतो."

"आणि सापडला की खूण करून दाखवायचे," ती म्हणाली. तोंडातून आपसूक निघालं. काका खूश झाले.

"बोलली! बघा, बोलली! म्हटलं बाईचा आवाज त्या डॉक्टरनं ठेवून घेतला की काय."

मग ते तिच्याकडे झुकले आणि हळू आवाजात म्हणाले, "तू जिवाला लावून घेऊ नकोस. मला खरंच काही झालं असतं तर माझं अंग मला सांगत नाही? माझी कंबर मला खोटं सांगेल?"

वारा तोंडावर येत होता. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येतंच, कुणी काही विचारत नाही.

*

दीपगृह.

एकशे चाळीस पायऱ्या. अठराव्या पायरीवर काका बसले. ऊन फार आहे, म्हणाले. जिन्यात सावली होती. दीपगृह पाहिलं नाही.

*

संग्रहालयात गारवा होता म्हणून तिथे गेले. होकायंत्रं, नकाशे, बाटलीतली जहाजं, आणि एका काचेच्या कपाटात कुठल्याशा कप्तानाचा सोनेरी गुंड्यांचा कोट. ती कपाटासमोर थांबली.

"काय गं?"

"काही नाही. कोट दोनदा मोठा केलाय. बगलेखाली पट्टी जोडलीय बघा, कापडाचा रंग जरा निराळा आहे. समुद्रावर राहून पोट सुटलं असणार बुवाचं."

काकांनी दारावरच्या पहारेकऱ्याला हाताला धरूनच आणलं. "अहो, लिहून घ्या तुमच्या पाटीवर. कप्तान जाडा होता. शे-दीडशे वर्षांत तुमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही, हिनं उभ्या उभ्या ओळखलं. नुसत्या कापडावरून माणूस सांगते ही! हिच्यापासून काही लपत नाही."

पहारेकरी म्हणाला, "नशीबवान आहात, काका."

"मग!"

ती घाईघाईनं पुढच्या दालनात गेली. तिथे नांगर होते. बराच वेळ ती नांगर बघत राहिली.

*

जेवायला बसले तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. धक्क्यावरचं खानावळवजा हॉटेल, लाकडी फळ्यांवर मांडलेली टेबलं, खाली पाण्याचा आवाज. काकांनी तळलेला मासा मागवला, सूप मागवलं, पाव मागवला, बटाट्याच्या काचऱ्या मागवल्या, वर वाढप्याला सांगून ठेवलं की आइस्क्रीमचं नंतर बघू. आलं तेव्हा सगळं टेबल भरून गेलं. त्यांनी दोन घास खाल्ले आणि माशाशी नुसते खेळत राहिले.

"अहो."

"हं."

"मला सांगायचंय काही."

"सांग की. पण आधी खा. मासा थंड झाला की त्यात राम नाही."

"काटा बरोबर आहे."

"कुठला? माशाचा?"

"इस्पितळातला."

काकांनी हसत मान वर केली आणि तिचा चेहरा बघून हसू तिथेच राहिलं, कुणी पुसायला विसरल्यासारखं.

तिनं सांगितलं. डॉक्टरांच्या खोलीत ज्या क्रमानं सांगायचं राहिलं त्याच क्रमानं. अर्धा, एक, एक, एक. शर्ट. घड्याळाच्या कड्या. बोलताना ती टेबलावरच्या पावाचे तुकडे बोटानं एका ओळीत लावत होती.

"काहीतरीच," काका म्हणाले. "मला कळलं नसतं?" त्यांनी कंबरपट्टीची कड उलटी करून पाहिली. "कुठे आहे शिलाई? मूळचीच तर आहे ही."

"मूळची दिसावी म्हणूनच तशी घातलीय. मागचे खिसे बघा."

"खिसे?"

"दोन खिशांच्या मध्ये तुमचा अख्खा पंजा मावायचा. मागून आत घेतलं की खिसे जवळ येतात. ते लपवता येत नाही."

काकांनी दोन्ही हात मागे नेले. कंबर धरलेल्या माणसासारखे ते बसल्या जागी थोडे उचलले गेले. बोटांनी चाचपलं. एकदा, पुन्हा एकदा. तीन बोटं. तिला इथूनही कळत होतं, तीनच मावत होती.

वाढपी आला. "काका, आइस्क्रीम आणू?"

"नको."

वाढपी गेला. खाली पाणी लाकडाला थापट्या मारत राहिलं.

"लेक आली होती," काका म्हणाले, "आणि म्हणाली, बाबा बारीक झालात. मी तिला कंबर दाखवली. तेव्हा?"

"दीड झाला होता."

"तू तिथेच होतीस."

"हो."

"आपल्या गावच्या डॉक्टरनं विचारलं, कपडे सैल होतात का. मी म्हटलं, नाही. त्यानं पित्ताच्या गोळ्या दिल्या. तेव्हा?"

"अडीच."

"आणि आज सकाळी मी त्या माणसासमोर शर्ट वर करून उभा. माकडासारखा. त्याला म्हणतो, तुझा काटा बिघडलाय." त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट बसत चालला होता. "दीड असताना आलो असतो तर?"

"मला माहीत नाही."

"विचारलंस डॉक्टरला?"

"नाही. हिंमत झाली नाही."

"लोक मीटरला चुंबक लावायचे," काका म्हणाले. "आकडा थांबायचा. मी त्यांना म्हणायचो, अरे, आकडा थांबलाय, पाणी चालूच आहे ना? खजील व्हायचे. बाहेरचे लोक होते ते. बाहेरच्यांना सांगून काही वाटत नाही."

"तुम्ही हाय खाल्ली असती हो," ती म्हणाली. "सासऱ्यांचं ते सुतळीचं... तुम्ही रोज बोट घालून बघायचात. मला ते बोट जाताना बघवलं नसतं."

"म्हणून मला बघू दिलं नाहीस."

ती कारणं शोधत नव्हती, आणि शोधून सापडतील अशी राहिलीही नव्हती. माशाला माश्या लागल्या होत्या, त्या तिनं हातानं हाकलल्या.

काका उठले. तिला वाटलं, चालू लागतील, गर्दीत मिसळतील, सापडणार नाहीत. ते कठड्यापाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. एक जहाज भोंगा वाजवत बाहेर चाललं होतं. ते पार लहान होईपर्यंत तिथेच उभे होते. मग आले आणि म्हणाले, "किती वाजले?"

"सव्वापाच."

"इस्पितळ कुठल्या बाजूला?"

*

रस्ताभर ते पुढे आणि ती मागे. सकाळी येताना याच रस्त्यावर ते दर दहा पावलांना थांबत होते, अगं हे बघ, अगं ते बघ. आता एकदाही वळले नाहीत. चढावर दम लागला तेव्हा एका दुकानाच्या पायरीवर टेकले. ती चार हात अंतरावर उभी राहिली. जवळ जावं की जाऊ नये, एवढं साधं तिला ठरवता येईना. चौतीस वर्षांच्या संसारात असा प्रश्नच कधी आला नव्हता.

"लेकीला मी सांगेन," पायरीवरूनच ते म्हणाले. "डॉक्टरांनी सांगितलं ते. बाकीचं तुझं तू सांग."

"सांगेन."

"आज नको. उद्या."

*

खाट खिडकीजवळ होती. पावणेसहा झाले होते. नर्सनं नाडीचा ढगळ पायजमा आणि सदरा आणून दिला. कुणालाही व्हावा असा, म्हणजे कुणाच्याच मापाचा नाही. पडदा ओढला गेला. ती बाहेरच्या बाकावर बसली. आतून कपड्यांची सळसळ आली, मग थांबली. मग पडद्याच्या फटीतून एक हात बाहेर आला. हातात पॅंट होती.

"उसव."

"आत्ता?"

"आत्ता. मला बघायचंय."

कात्री नव्हती. पर्समध्ये शोधून तिनं एक सेफ्टी पिन काढली, चष्मा चढवला आणि पॅंट उलटी करून मांडीवर घेतली. कापड अजून अंगाची ऊब धरून होतं. पहिली टीप तिनं नखानं चाचपून काढली, पिनेचं टोक खाली सारलं, दोरा तटकन तुटला. मग पुढचा टाका. हे काम तिनं जन्मभर केलं होतं, डोळे मिटून करायची. पण आज हात चालेना, कारण टाके सापडेनात. दोरा कापडाच्या रंगाशी इतका जुळवून घेतला होता, आणि टाके इतके बारीक, इतके सरळ, मूळच्या शिलाईच्या पोटात असे दडवलेले, की तिचे तिलाच दिसत नव्हते. ती खिडकीच्या बाजूला वळली. कापड वर धरलं, खाली धरलं. पिन दोनदा बोटात गेली.

पडदा सरकला. काका त्या ढगळ कपड्यांत बाहेर आले. नाडीचे दोन्ही पदर मुठीत धरले होते. त्यांनी नाडीची गाठ मारली, गाठ मारताना उरलेल्या नाडीकडे एकदा पाहिलं, आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले.

"झालं का?"

"होतंय. दिसत नाहीये नीट."

ती पिनेनं धडपडत राहिली. कापड मांडीवरून घसरत होतं.

"जरा ताणून धरता?" ती म्हणाली. म्हणून झाल्यावर तिला वाटलं, म्हणायला नको होतं.

काका सरकले. त्यांनी कंबरपट्टीचं एक टोक हातात घेतलं आणि ताणून धरलं. तिच्याकडे बघितलं नाही. कापड ताठ झालं. ताणल्यावर टाके थोडे उघडे पडले. तिनं पिन खाली सारली.

वॉर्डातले दिवे लागले. पहिली टीप सगळी निघाली होती. अजून तीन होत्या.